चौदा वर्षांनी पुन्हा धनुष्य : मिशिगनमधल्या एका दुकानाचा अनुभव

मी त्या दुकानात गेले होते ती फक्त दोरी बदलून घ्यायला. तळघरात चौदा वर्षे पडून राहिलेले ५० पौंड ताणाचे रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेले धनुष्य, त्याची केसाळलेली दोरी आणि पिसांना कसर लागलेले सात बाण एवढा ऐवज घेऊन गेल्या सप्टेंबरात मी काउंटरपाशी उभी राहिले, तेव्हा सशांचा हंगाम सुरू व्हायला चार-पाच दिवस उरले होते. साठी उलटलेल्या मालकांनी धनुष्य हातात घेतले, एक डोळा मिटून वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत नजर फिरवली, ड्रॉवरमधून कापसाचा बोळा काढून तो दोन्ही पात्यांच्या कडांवरून सावकाश नेला आणि खालच्या पात्यावर, टोकापासून साधारण चार बोटांवर, कापसाचा एक तंतू अडकला तेव्हा मला जवळ बोलावून तो दाखवला. ‘‘याला मी दोरी लावणार नाही,’’ ते म्हणाले, ‘‘आणि तुम्हीही घरी जाऊन लावू नका.’’

पंचवीस डॉलरची दोरी विकून मला वाटेला लावणे त्यांना सहज शक्य होते. धनुष्याचे पाते, म्हणजे मुठीच्या वरचा किंवा खालचा लवणारा भाग, हे लाकडाच्या पातळ पट्ट्या आणि दोन्ही बाजूंनी चिकटवलेला फायबरग्लास यांचे असते. त्या थरांत केसाएवढी भेग गेली, की पूर्ण ताणलेल्या अवस्थेत पाते फुटू शकते, आणि त्या क्षणी नेमबाजाचा चेहरा तिथून हातभर अंतरावर असतो. दोष माझाच होता. धनुष्य आडवे न ठेवता मी ते तळघराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून खालच्या टोकावर उभे केले होते, तेही शेजारी भट्टी म्हणजे घर गरम करणारी फर्नेस असताना. खालचे पाते त्या भाराने किंचित पिळले होते आणि कोरड्या उष्णतेने बाकीचे काम केले होते. मालकांनी माझी परवानगी विचारली, आत जाऊन करवत आणली आणि माझ्यादेखत खालच्या पात्याचे टोक कापून टाकले, म्हणजे पुढे कोणाच्या मुलाबाळांनी हौसेने त्याला दोरी चढवायला नको. मला त्या वेळी बरे वाटले नाही, हे कबूल करते.

दुकानाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण पुढे एक तक्रारही लिहायची आहे आणि दोन माणसांच्या दुकानावर नाव घेऊन ती करणे मला प्रशस्त वाटत नाही. ॲन आर्बरपासून पश्चिमेला पाऊण तासाच्या आत, शेतांमधल्या रस्त्यावर, पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्त करीत असत अशा एका पत्र्याच्या शेडमध्ये ते आहे. पुढे दुकान, मागे २० यार्डांची बंदिस्त नेमबाजीची जागा, आणि काउंटरच्या मागच्या भिंतीवर फ्रेड बेअर यांचे हॅट घातलेले छायाचित्र. मिशिगनमधल्या अशा दुकानात हे छायाचित्र असणे स्वाभाविकच आहे, कारण बेअर यांनी १९३३ मध्ये डेट्रॉईटमध्ये धनुष्यांचा व्यवसाय सुरू केला आणि पुढे तो उत्तरेला ग्रेलिंगला नेला, आणि धनुष्याने शिकार करणे ही गोष्ट या राज्यातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या सामान्य माणसांपर्यंत पोचली त्यात त्यांचा वाटा मोठा होता.

माझी पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण हा लेख नवशिक्यांसाठी नसून मध्ये खंड पडलेल्यांसाठी आहे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असल्यामुळे माझी लहानपणची चार वर्षे सातपुड्यातल्या धडगावात गेली, आणि तिथल्या भिल्ल मुलांच्या हातातला तीरकामठा, ज्याचा दांडाही बांबूचा आणि दोरीही बांबूच्याच चिवट कामटीची, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेले पहिले धनुष्य. हातात मात्र मी धनुष्य घेतले ते येथे, २००४ मध्ये, वाहनउद्योगातल्या एका सहकाऱ्याच्या नादाने. सात हंगाम ससे आणि रानकोंबडीच्या जातीचा ग्राउज यांच्या मागे हिंडले. २०११ मध्ये उजवा खांदा दुखावला, मग मुलीची शाळा, मग नोकरीतली बदली, असे करत धनुष्य तळघरात गेले. महाराष्ट्रातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको, की भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सशाची शिकारसुद्धा गुन्हा आहे. येथे जे लिहिले आहे ते मिशिगनच्या परवान्याचे आणि मिशिगनच्या जंगलाचे आहे.

खंडानंतर परतणाऱ्या माणसाची एक विशिष्ट खोड असते : त्याला आपण जिथे थांबलो तिथूनच पुढे जायचे असते. मलाही नवे धनुष्य ५० पौंडांचेच हवे होते. हा आकडा २८ इंच ओढीला, म्हणजे दोरी तेवढी मागे खेचली असता, मोजलेला असतो, आणि ओढ एका इंचाने कमी झाली की साधारण दोन-अडीच पौंड कमी भरतात. माझी ओढ २६ इंच असल्यामुळे जुन्या धनुष्याचे माझ्या बोटांवर पंचेचाळीसच पौंड येत असत. मालकांनी माझ्याशी वाद घातला नाही. मागच्या जागेत नेऊन त्यांनी तीन धनुष्ये ठेवली, प्रत्येक ताणून हनुवटीपाशी स्थिर धरायचे आणि ते दहा आकडे मोजतील तोवर सोडायचे नाही, एवढेच सांगितले. बाण लावायचाच नव्हता. मोजणी संपली की ताण हलकेच उतरवायचा. पन्नासच्या धनुष्याला चार म्हणेपर्यंत माझा पुढचा हात थरथरू लागला आणि सहाला खांदा कानाकडे चढला. पंचेचाळीसला आठपर्यंत पोचले, पण ते धरणे नव्हते, लोंबकळणे होते. चाळीसला दहा पूर्ण झाले, श्वास न कोंडता. ‘‘ससा दहा आकडे थांबत नाही,’’ मी म्हणाले. ‘‘ससा थांबत नाही, पण तुम्हाला थांबता आले पाहिजे,’’ ते म्हणाले आणि पन्नासचे धनुष्य भिंतीवर टांगून मोकळे झाले.

या दुकानाची मला सर्वांत आवडलेली सोय येथून सुरू होते. त्यांनी मला सुटी होणारी तीन भागांची रचना घ्यायला लावली, ज्यात मधली मूठ कायम राहते आणि वरखालची पाती बदलता येतात. पात्यांना येथे ‘लिंब’ म्हणतात, आणि चौदा वर्षांपूर्वीही हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे लोणच्याची बरणी येत असे, तेव्हा मी पातीच म्हणते. तर ही पाती सहा महिन्यांच्या आत, ओरखडा नसलेल्या अवस्थेत परत आणली, तर पुढच्या वजनाची पाती केवळ फरकाची रक्कम आणि १५ डॉलर भरून मिळतात. त्यासाठी एक हाताने लिहिलेली चिठ्ठी देतात, ज्यावर वजन, तारीख आणि ‘दहा आकडे : होय’ अशी नोंद असते. मूठ, ४० पौंडांची पाती, दोरी आणि दोरी चढवायचा पट्टा मिळून ३१० डॉलर झाले. या किमतीत कारखानदाराच्या विक्रीकिमतीवरचा ११ टक्के केंद्रीय कर अंतर्भूत असतो, आणि तो देताना मला कधीच जड वाटले नाही. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, १९७० च्या दशकात तो धनुष्यबाणांनाही लागू झाला आणि त्याचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. ज्या रानात मी हिंडते ते रान राखण्यात त्याचा भाग आहे.

दुकानातला तरुण मदतनीस मला कंपाउंड, म्हणजे टोकांना फिरत्या पुली असलेले धनुष्य, घ्या म्हणून सुचवीत होता, आणि त्यात त्याचे चुकत होते असे नाही. १९६९ मध्ये मिझुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना पेटंट मिळाल्यापासून त्या धनुष्याने येथील शिकारीचा चेहराच बदलला, कारण पूर्ण ताणल्यावर त्यात बोटांवर फारच थोडा भार उरतो आणि दुखऱ्या खांद्याला ते वरदान आहे. परंतु झुडपातून ससा निघतो तेव्हा दर्शक, छिद्र, ट्रिगर जुळवीत बसायला वेळ नसतो, आणि खरे सांगायचे तर मला ते यंत्र हातात घेतल्यावर आपण कार्यालयातच आहोत असे वाटते.

शिकवणी हा दुकानाचा दुसरा भाग. पंचेचाळीस मिनिटांचे ३० डॉलर. मी पहिल्यांदा ती नाकारली होती, कारण मला येत होते. मालकांनी तीनच बाण मारून दाखवायला सांगितले. तिन्ही बाण फळ्यावर लागले, पण मी दोरी हनुवटीला टेकण्यापूर्वीच सोडत होते, आणि ते मला कळतही नव्हते. नेम दिसला की बोटे आपोआप उघडतात, असा हा रोग आहे, ज्याला येथे ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात. तो मला २०१० पासूनच असावा. चौदा वर्षांत शरीर ताकद विसरले होते, चुका मात्र तंतोतंत लक्षात ठेवल्या होत्या. त्यावर त्यांनी दिलेला उपाय जुनाच, पण माझ्यासारखीला अपमानास्पद वाटावा असा होता. तीन पावलांवर गवताचा भारा, समोर कोणतेही चिन्ह नाही, डोळे मिटायचे, ताणायचे, खांद्यांमागची दोन्ही रुंद हाडे जवळ येताना जाणवली पाहिजेत आणि मग सोडायचे. दोन आठवडे फक्त हेच, रोज तीस बाण. घरी गॅरेजमध्ये मी ते केले.

पहिल्या शिकवणीत त्यांनी माझ्या अंगठ्यावर पेन्सिल टेकवली. दोरी धरताना माझा अंगठा ताठ होऊन गालाला टोचत होता. ‘‘याला काही काम नाही, याला दुमडून तळव्यात ठेवा,’’ असे ते म्हणाले तेव्हा मला हसू आले. एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली ही आजची सर्रास वापरली जाणारी पकड, आणि धडगावला आमच्या शेजारचा दहा-बारा वर्षांचा मुलगाही अंगठा बाजूला ठेवूनच बाण सोडत असे, व का म्हणून विचारले तर ‘एकलव्याने दिला ना’ एवढे उत्तर देत असे. मी ही गोष्ट मालकांना सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली, गुरुदक्षिणा म्हणजे काय ते विचारले, आणि मग ‘‘तीस डॉलर बरे,’’ असे म्हणून पेन्सिल पुन्हा अंगठ्यावर टेकवली.

आता तक्रार. पाती घेतली त्या दिवशी बाण संपले होते. पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा मालक नव्हते, आणि मदतनिसाने ‘सगळ्यांना चालतात’ असे म्हणून कार्बनच्या सहा बाणांचा तयार संच दिला. बाणाचा ताठपणा आकड्यात सांगतात. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर बाणाची काडी ठेवून मधोमध १.९४ पौंडांचे वजन टांगले असता ती जितकी वाकते, ते इंचाच्या सहस्रांशांत मांडतात. ५०० म्हणजे अर्धा इंच, ४०० म्हणजे त्याहून कमी, अर्थात अधिक ताठ. मला मिळालेला संच ४०० चा होता. रिकर्व्हवरून सुटणारा बाण मुठीला वळसा घालून जाताना थोडा वाकावा लागतो, आणि माझ्या बोटांवरच्या पस्तीस-छत्तीस पौंडांना ती काडी वाकतच नव्हती. परिणामी उजव्या हाताने मारणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. माझे बाण वीस पावलांवर वीतभर डावीकडे जात राहिले. आणि मी, जिला नुकतेच स्वतःच्या चुकांचे पाढे वाचून दाखवण्यात आले होते, तीन आठवडे तो दोष स्वतःच्या बोटांना लावत राहिले, इतका की डोळे मिटून कमावलेली पकडही बिघडू लागली. शेवटी दोन बाणांची पिसे ब्लेडने काढून टाकून मी ते पिसे असलेल्या बाणांबरोबर मारले. बिनपिसांचे दोन्ही आणखी डावीकडे गेले, म्हणजे दुखणे काडीत आहे हे उघड झाले.

मालकांनी चूक मान्य केली आणि ६०० चे बाण माझ्या मापाने कापून दिले. जुन्या संचातले न वापरलेले दोन त्यांनी परत घेतले, वापरलेल्या चारांचे पैसे मात्र दिले नाहीत आणि कापणावळीचे १२ डॉलर लावले. मला ते योग्य वाटले नाही. ज्या दुकानात पाती देताना दहा आकडे मोजतात, तिथे बाण देताना धनुष्य कोणते आणि ओढ किती हे दोन प्रश्न विचारले जाऊ नयेत, हे विसंगत आहे. कारण मला नंतर उमगले. तिथे येणारी दहातली नऊ माणसे हरणासाठी येतात, त्यांच्याकडे साठ-सत्तर पौंडांची कंपाउंड असतात, आणि त्या सगळ्यांना तो संच खरोखरच चालतो. लहान जनावरांच्या शिकारीचे सामान एका खालच्या फळीवर, गुडघे टेकून पाहावे लागेल अशा जागी आहे. रुंद, मोठ्या पिसांचे फ्लू-फ्लू बाण, जे वर झाडाकडे मारले तरी थोड्या अंतरावर वेग गमावून खाली येतात, ते तयार नव्हते. मागवून तीन आठवड्यांनी आले.

त्याच खालच्या फळीवर मला हवी असलेली एक वस्तू मात्र होती, आणि तिच्याविषयी थोडे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. झ्विकी कंपनीचे जुडो टोक हे दिसायला हास्यास्पद आहे : बोथट लोखंडी नाक आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या पायांसारख्या स्प्रिंगच्या चार तारा. साधे टोक लावलेला बाण चुकला, की तो गवताच्या मुळांखाली सरपटत जातो आणि हाताच्या अंतरावर असूनही सापडत नाही. जुडोच्या तारा पहिल्याच काडीकचऱ्यात अडकतात, बाण कोलांटी घेतो आणि पिसे वर करून पडतो. जुन्या हंगामांत मी बाण शोधण्यात जितका वेळ घालवला असेल, त्यात माझी मुलगी एक इयत्ता पुढे गेली असती. ही टोके घेतल्यावर मी ऑक्टोबरभर रानात सडके ओंडके, पानांचे ढीग आणि मातीचे उंचवटे यांवर नेम धरत हिंडले. अंतर न मोजता मारायची सवय त्यानेच परत येते, बंदिस्त जागेतल्या २० यार्डांनी नाही. त्या महिन्यात एकच बाण हरवला, तोही तळ्यात.

मालकांनी विक्रीनंतर केलेली जुळवणी उत्तम होती, आणि तिचे पैसे वेगळे घेतले नाहीत. दोरी आणि मूठ यांतले अंतर थोडे थोडे बदलत, दर वेळी डोळे मिटून नुसता आवाज ऐकत, ते पावणेआठ इंचांवर थांबले. त्या मापाला दोरीचा टणत्कार जाऊन धप्प असा बसका आवाज येऊ लागला. वर लोकरीचे दोन गोंडे दोरीत गुंफून दिले. सशाचे कान म्हणजे काय चीज आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या गोंड्यांची किंमत कळेल.

एक गोष्ट मात्र दुकानात कोणीही सांगितली नाही. हरणाच्या धनुष्यहंगामात हरणावर जाणाऱ्याला मिशिगनमध्ये नारिंगी कपड्यांची सक्ती नाही, म्हणून दुकानात मांडलेले सगळे कपडे पानापानांच्या नक्षीचे आहेत. सशावर जाणाऱ्या धनुर्धाऱ्याला ती सूट नाही. त्याने सर्व बाजूंनी दिसेल अशी नारिंगी टोपी किंवा जाकीट वरून घालायलाच हवे, आणि १५ ते ३० नोव्हेंबर या बंदुकीच्या हरणहंगामात तर कोणी नियम सांगायची वाट पाहू नये. मी १२ डॉलरची नारिंगी टोपी हार्डवेअरच्या दुकानातून आणली. परवान्याचे म्हणाल तर येथील रहिवाशाला ११ डॉलरचा मूळ परवाना सशांना पुरतो, हंगाम १५ सप्टेंबर ते ३१ मार्च असा ऐसपैस आहे, आणि दिवसाला पाचांची मर्यादा आहे, जी गाठण्याची चिंता मला आजवर पडलेली नाही.

खारींचाही हंगाम त्याच दिवसांत असतो, आणि मोठी फॉक्स खार किंवा येथे सर्रास दिसणारी काळी खार यांवर लोक हौसेने जातात. मालकांनी मला खारींसाठी वेगळे टोक दाखवले, कारण खार चिवट असते आणि बोथट टोकाने ती नुसती जखमी होण्याचा धोका राहतो. मी घेतले नाही. सेतू बांधायला वाळू वाहून नेणाऱ्या खारीच्या पाठीवर रामाची बोटे उमटली, ही गोष्ट ज्या वयात ऐकली त्या वयातले काही मनातून निघत नाही, मग समोरच्या खारीच्या पाठीवर पट्टे असोत वा नसोत. हे तर्काला धरून नाही, हे मला मान्य आहे.

पहिला खरा दिवस जानेवारीच्या मध्यावर वॉटरलूच्या रानात आला. वॉटरलू रिक्रिएशन एरिया म्हणजे चेल्सीच्या पश्चिमेला पसरलेली वीस हजार एकरांहून मोठी सरकारी जमीन. रात्री चार बोटे बर्फ पडून थांबले होते आणि ऊन होते. अशा सकाळी कॉटनटेल ससा काटेरी झुडपांच्या दक्षिणेकडच्या कडेला उन्हात बसून राहतो. त्याला शोधताना ससा शोधायचा नसतो, कारण तो पाचोळ्याच्याच रंगाचा असतो. शोधायचा तो डोळा. काड्यांच्या त्या सगळ्या तिरक्या-उभ्या रेषांत पूर्ण गोल असे दुसरे काहीच नसते. पाच पावले चालायचे, थांबायचे, पाहायचे. सव्वा तासाने मला तो दिसला, काळ्या मण्यासारखा, कडेला उन्हाचा एक ठिपका असलेला, बारा पावलांवर, पडलेल्या फांद्यांच्या ढिगाखाली. मी ताणले, दोरी हनुवटीला टेकली, पाठ आवळली, आणि मी थांबले. तीनपर्यंत तरी थांबले असेन. बाण त्याच्या पाठीवरून दोन बोटे वरून गेला, ससा दोन उड्यांत दिसेनासा झाला, आणि बाण ढिगापलीकडे पिसे वर करून बर्फात उभा राहिला.

मी चुकले होते, पण डावीकडे नव्हते, आणि घाईने सोडले नव्हते. गेल्या हंगामांत हे दोन्ही मला एकत्र कधी साधले नव्हते. दुसरा ससा तीन दिवसांनी, नऊ पावलांवर मिळाला. बाण खांद्यामागे लागला आणि तो जागेवरून हलला नाही. चाळीसच्या पात्यांचे बोथट टोक एवढ्या अंतरावर पुरेसे आहे, याबद्दल माझ्या मनात जी शंका होती ती तिथे संपली. पंधरा पावलांपलीकडच्या बसलेल्या सशावर मात्र मी या धनुष्याने बाण सोडणार नाही, आणि पळत्या सशावर तर नाहीच.

घरी हातमोजे घालून साफ केले, यकृत पाहून घेतले, कारण त्यावर पांढरे बारीक ठिपके दिसले तर तुलारेमियाची, म्हणजे सशांकडून माणसालाही होणाऱ्या एका संसर्गाची, शंका घेऊन सगळे टाकून द्यावे लागते. ते स्वच्छ होते. मुलीला कापताना पाहायचे होते, ती पाहत उभी राहिली. नवरा शाकाहारी असल्यामुळे ‘‘अगं, निदान माझी कढई तरी सोड’’ एवढीच त्याची विनंती होती, ती मान्य करून लोखंडी भांड्यात कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा केला. सशाचे मांस कोंबडीपेक्षा कोरडे असते, त्याला चरबी जवळजवळ नसते, म्हणून सुके करण्यापेक्षा भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर दीड तास शिजवलेला रस्साच त्याला मानवतो.

या दुकानात कोणी जावे, हे आता सांगता येईल. ज्यांना मोठा खंड पडला आहे आणि आपण पूर्वी जे मारत होतो तेच वजन हवे असा ज्यांचा आग्रह आहे, त्यांनी जरूर जावे, पण मालक असतील त्याच दिवशी, म्हणजे मंगळवार ते गुरुवार दुपारनंतर. शनिवारी तिथे हरणवाल्यांची गर्दी असते आणि उभे राहायला जागा नसते. जुने धनुष्य बरोबर न्यावे, पण ते परत येईलच असे धरून चालू नये. बाण घेताना काडीचा आकडा स्वतः विचारावा आणि तयार संच घेऊ नये. ज्यांना केवळ लहान जनावरांचे सामान हवे आहे, त्यांनी आधी फोन करून विचारावे, कारण त्या खालच्या फळीवर बहुधा काही नसते. ज्यांना उपदेश सहन होत नाही त्यांनी सामान घरपोच मागवावे. स्वस्तही पडेल.

सहा महिन्यांची मुदत संपण्यापूर्वी, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, मी चिठ्ठी घेऊन गेले. हिवाळाभर रोज तीस बाण मारले होते, खांदा एकदाही दुखला नव्हता, आणि आता पंचेचाळीसची पाती मिळावीत असे मला वाटत होते. मालकांनी मागच्या जागेत नेले, पंचेचाळीसचे धनुष्य दिले आणि मोजायला सुरुवात केली. नवाला माझी कोपर खाली आली. त्यांनी चिठ्ठी काउंटरवर ठेवून सप्टेंबरची तारीख खोडली, त्याखाली पुढच्या सप्टेंबरची घातली, आणि पैसे न घेता ती माझ्या हातात परत दिली.